दोन भाकरींतच पोट भरलं

त्या दुपारी मी तिसऱ्या भाकरीला हात लावला आणि हात तसाच राहिला. पोटात जागाच नव्हती.

दुसऱ्या कोणाला यात काही वाटलं नसतं. मला घाम फुटला. अडतीस वर्षं मी शहराबाहेर वाडीच्या गोदामांत हमाली केली आणि अडतीस वर्षं पाच भाकरी खाल्ल्या. आमच्या टोळीत माणसाची ताकद भाकरींवरून ओळखत. पाचाच्या चार झाल्या की मुकादम लक्ष ठेवायचा. दोनावर आला की महिनाभरात त्याचं नाव टोळीतून जायचं, आणि बरेचदा त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही त्याला खांदा द्यायला जायचो. आमच्या टोळीतल्या केशवचं तसंच झालं होतं. म्हणून दोन भाकरींत पोट भरलं तेव्हा मला आधी भीती वाटली. भीतीच्या मागून संशय आला. मला ताप नव्हता, खोकला नव्हता, झोप नीट लागत होती. मग भूक गेली कुठं?

टोळीत आणखी एक रीत होती. जेवणाच्या सुट्टीनंतर जो आधी हात धुऊन उठेल त्याची पाळी आधी. पहिल्या पाळीवाल्याला साबणाचे, बिस्किटांचे खोके मिळायचे. शेवटी उठणाऱ्याच्या पाठीवर सिमेंट नाहीतर लोखंड. त्यामुळं आम्ही सगळे मागं कोणी लागल्यासारखे जेवायचो. मी भाकर वरणात कुस्करायचो, लाडू वळायचो आणि पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलायचो. पाचही भाकरी डोळ्यांदेखत गायब. माझं नाव आनंदराव, पण टोळीत मला इंजन म्हणायचे. माझी बायको पार्वती होती तोवर ती पाच भाकरींची थप्पी जर्मनच्या मोठ्या थाळीत ठेवून पुढं सरकवायची आणि बाजूला व्हायची.

तीन वर्षांपूर्वी पार्वती गेली. वाडीची खोली टोळीतल्या नानाजीला देऊन मी सक्करदऱ्याला मुलाकडं राहायला आलो. माझा मुलगा प्रीतम मौद्याच्या वीज कारखान्यात कंत्राटावर फिटर आहे. पहाटे जातो, दिवस मावळल्यावर येतो. सून मेघा सकाळी औषधांच्या दुकानात काम करते आणि दुपारी घरी येऊन मला आणि माझ्या नातीला, दीक्षाला, जेवू घालते. दीक्षा तिसरीत आहे.

औषधांच्या दुकानात काम करते, हे मी त्या दोन भाकरींच्या दुपारी विसरलो नव्हतो.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी जेवण झाल्याबरोबर माझ्या छातीत कळ आली. प्रीतम कामावर होता. मेघानंच मला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. डॉक्टरीण तरुण वयाची होती. म्हणाली, "आजोबा, हृदय चांगलं आहे. हा पोटातला गॅस आहे. जेवायला किती वेळ लागतो तुम्हाला?"

"वेळ कायले लागते? बसलो का झालं."

"हळू खायचं. एकेक घास बारीक चावून."

"मी बैल हाओ का रवंथ करायले?"

ती पुढंही बरंच बोलली, पण मी चपला घालत होतो. मेघा मात्र तिथंच उभी राहून ऐकत होती.

घरी आल्यावर मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "आजपासून या घरात मले कोणी हळू खा म्हटलं, तं त्या दिवशी मी वाडीले जाईन. इथलं पाणीही पिणार नाही." प्रीतम खाली मान घालून बसला. मेघा काहीच बोलली नाही. एरवी ती गप्प बसणारी नाही.

त्यानंतर घरात गोष्टी बदलू लागल्या.

आधी माझी थाळी गेली. तिच्या जागी स्टीलचं लहान ताट आलं.

"माझी थाळी कुठं आहे?"

"चीर गेली होती मामाजी. मोडीत देली."

मग भाकरींची थप्पी बंद झाली. मेघा तव्यावरून एक भाकर काढायची, ताटात टाकायची आणि दुसरी थापायला घ्यायची. माझी संपायची आणि मी ताटाकडं बघत बसायचो.

"एक एक काहून वाढून राहिली वं? थप्पी ठेव ना."

"गरम खा न. थंडी भाकर कायले खाता?"

मग शेवग्याच्या शेंगा सुरू झाल्या. आठवड्यात चार दिवस शेंगा. शेंग काही गिळता येत नाही. चोखा, चावा, चोथा बाजूला काढा. ज्या दिवशी शेंगा नसतील त्या दिवशी मुळा, काकडी, भाजलेले फुटाणे. आणि दीक्षा. ती आधी आतल्या खोलीत टीव्हीसमोर जेवायची. आता माझ्या मांडीला मांडी लावून बसू लागली. मला बरं वाटलं होतं. पण ती प्रत्येक घासाला काहीतरी विचारायची.

"आबाजी, ट्रकमध्ये किती पोते मावते?"

मी सांगायला तोंड उघडलं की म्हणायची, "तोंडात घास आहे ना! आधी चावा, मग सांगा."

आणि मधूनच ती भिंतीकडं बघायची. माझ्या डोक्यामागं काहीतरी होतं तिकडं. पोरीला पहाऱ्यावर बसवलंय, असं माझ्या मनात आलं.

पाचाच्या चार कधी झाल्या ते मला कळलं नाही. तीन झाल्या तेव्हा उन्हाळा आहे म्हणून सोडून दिलं. दोनावर आलो त्या दिवशी मी जेवून उठलो आणि हात धुऊन परत आल्यावर स्वयंपाकघरातलं किराणा दुकानाचं कॅलेंडर पाहिलं. तारखांखाली पेन्सिलीनं बारीक आकडे लिहिले होते. जानेवारीच्या शेवटी 5 – 6. फेब्रुवारीत 4 – 9. मार्चमध्ये 3 – 14. त्या दिवसाखाली 2 – 21.

मला अक्षरं आली ती पंचेचाळिशीत, विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात धम्मानंद गुरुजींकडं. पण आकडे त्याच्या कितीतरी आधीपासून येत होते. पहिला आकडा माझ्या भाकरींचा होता, ते लगेच कळलं. माझ्या भाकरी कोणीतरी मोजत होतं. दुसरा आकडा कशाचा? भाकरी उतरत गेल्या तसा तो चढत गेला होता. जे काही होतं, ते वाढवत नेलं होतं आणि त्यानं माझी भूक मारली होती.

मिठाच्या बरणीमागं मला एक छोटी बाटली सापडली. झाकणाला थेंब टाकायची नळी. चिठ्ठी सगळी इंग्रजीत. इंग्रजी मला येत नाही. थेंब मात्र मोजता येतात.

दुसऱ्या दिवशी बर्डीवर बस बदलून मी वाडीला गेलो. नानाजी खोलीच्या दारात खाट टाकून बसला होता.

"काय बे इंजन! वाळला ना गा! पँट दोरीनं बांधून राहिला का?"

मी त्याला सगळं सांगितलं. थाळी, शेंगा, पोरीचा पहारा, आकडे, बाटली. तो बिडी विझवून सरळ बसला.

"मेडिकलवाली सून आहे, अन् तू मले इचारून राहिला भूक कुठं गेली?"

"असं औषध मिळते का पण?"

"सगळं मिळते भाऊ. वाळवाचं मिळते, फुगवाचं मिळते."

"पण काहून करन ती असं? वाईट नाही गा पोरगी. दवाखान्यात तिनंच नेलं मले."

"मग? नेलं तवाच औषध इचारून घेतलं असन." नानाजीनं मांडीवर थाप मारली. "दोन भाकरीवाला म्हातारा कोपऱ्यात पडून राहते. भांडत नाही, हिंडत नाही. पाच भाकरीवाल्याले सांभाळा लागते. चाल, आधी तुले खाऊ घालतो, मग कळन भूक मेली का मारली."

आम्ही रस्त्यापलीकडच्या ढाब्यावर गेलो. समोर गाड्या उभ्या होत्या, ड्रायव्हर लोक जेवत होते. नानाजीनं भाकरीची थप्पी मागवली, तर्रीची वाटी ठेवली आणि म्हणाला, "पाळी लागली, उचल!" मला जुनी सवय आली. कुस्कर, वळ, पाणी. बघता बघता पाच संपल्या.

"पाच!" नानाजी सगळ्या ढाब्याला ऐकू जाईल असं ओरडला. "इंजन चालू आहे बे! खराबी तुमच्या घरच्या डिझेलमध्ये आहे."

मला हसू आलं आणि रडूही. बाहेर पाच, घरात दोन. आणखी काय पुरावा पाहिजे? परतीच्या बसमध्ये पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं. उचक्या लागल्या, छातीत जळजळ सुरू झाली आणि बर्डी येईपर्यंत मी खांबाला डोकं टेकून बसलो. ढाब्याचं तिखट, असं मी स्वतःला सांगितलं.

नानाजीनं निघताना सांगितलं होतं, "रविवारी पोरगा घरी असते ना? त्याले तोंडावर सांग अन् निघून ये. तुही खाट आहेच."

रविवार चार दिवस लांब होता. ते चार दिवस मी मेघाच्या हातावरची नजर काढली नाही. पीठ मळताना, मीठ टाकताना, वरणाला फोडणी देताना. भाकर ताटात पडली की आधी वास घ्यायचो.

"काय झालं मामाजी? करपली का?"

"नाही."

एकदा अर्धी भाकर खिशात घालून गल्लीतल्या कुत्र्याला टाकली. कुत्रं खाऊन झोपलं. ते एरवीही दिवसभर झोपलेलंच असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

औषधाची चव लागते का ते बघायला मी घास जिभेवर घोळवू लागलो. इकडून तिकडं, पार पीठ होईपर्यंत. कडू लागलं की लगेच थुंकायचं, असं ठरवलं होतं. कडू कधीच लागलं नाही. पण एक वेगळीच गोष्ट झाली. ज्वारीची भाकर फार वेळ चावली की गोड लागते. सत्तर वर्षं भाकर खाल्ली आणि हे मला माहीत नव्हतं. माझा संशय आणखी वाढला. भाकरीत गोड कशानं आलं? आणि दीड भाकरीतच पोट का भरू लागलं? शनिवारी कॅलेंडरवर 1½ – 28 लिहिलेलं होतं. अठ्ठावीस! रात्री मी पिशवी भरली. दोन जोड कपडे, एक स्वेटर, पार्वतीचा फोटो. दीक्षा झोपेत कुशीवर वळली तेव्हा जरा वेळ तिच्याजवळ बसलो. इथून गेलो की ही पोरगी रोज बाजूला बसणार नाही, एवढंच मला टोचत होतं. बाकी कशाचं काही नव्हतं.

रविवारी जेवायला सगळे एकत्र बसलो. जेवण उरकलं की प्रीतमला सांगायचं आणि निघायचं, असा माझा बेत होता. मेघा तव्यापाशी होती. दीक्षाचं ताट रिकामं झालं होतं. मी वरणात बुडवलेला घास बाजूला ठेवून भाकरीचा वास घेत होतो, तेवढ्यात दीक्षानं हात घातला, माझ्या ताटातला घास उचलला आणि तोंडात टाकला.

पुढचं सांगताना अजूनही मला लाज वाटते. मी तिचा गाल धरला, तोंडात बोट घातलं आणि घास ओढून बाहेर काढला. माझं नख तिला लागलं. ती किंचाळली.

"बाबा!" प्रीतम उठून उभा राहिला. "काय करून राहिले?"

"थुंक! सगळं थुंक! पाणी दे रे तिले!"

"झालं काय पण?"

"औषध आहे त्यात." माझा आवाज फाटला. "विचार तुया बायकोले. रोज टाकते. मोजून टाकते. भिंतीवर लिहून ठेवलं आहे. अठ्ठावीस थेंब!"

तव्यावरची भाकर करपू लागली. मेघानं गॅस बंद केला. ती आली, माझ्यासमोरचं ताट उचललं, भिंतीला टेकून बसली आणि जेवू लागली. माझी उष्टी भाकर, माझं वरण. एकेक घास ती चावत होती आणि समोर बघत होती. दीक्षा प्रीतमच्या मागं जाऊन उभी राहिली. दीक्षाचं रडणं थांबून नुसते हुंदके राहिले. मेघाचं ते जेवण संपता संपेना. मग तिनं ताट पुसून घेतलं, उठली, कॅलेंडरवर अडकवलेली पेन्सिल काढली आणि त्या दिवसाखाली लिहिलं, 1 – 23.

दीक्षा बापाच्या मागून म्हणाली, "ते थेंब नाहीत आबाजी. मिनिटं आहेत. मीच पाहते घड्याळात."

मी मागं वळून पाहिलं. मी जिथं रोज बसतो, तिथं माझ्या डोक्याच्या बरोबर वर घड्याळ आहे.

"मग बाटली?" मी म्हणालो. पण आवाजात जोर नव्हता.

प्रीतमनं बरणीमागून बाटली काढली. "हे? हे दीक्षाच्या कानात टाकाचं आहे. तिचा कान ठणकत होता तवा तुम्हीच नेलं होतं ना तिले दवाखान्यात?"

मीच नेलं होतं. माझ्याच खिशातून ती बाटली घरात आली होती.

"डॉक्टरीण सांगत होती तवा तुम्ही चपला घालून राहिले होते," प्रीतम म्हणाला. "पोट भरलं हे डोक्याले कळाले वीस मिनिटं लागते म्हणे. तुम्ही त्याच्या आतच पाच उतरवत होते. वरून न चावता. दातांचं काम पोटाच्या अंगावर, अन् घासाबरोबर हवा आत. हिवाळ्यानंतर एकदा तरी कळ आली का छातीत?"

आली होती. एकदाच. वाडीहून येताना, बसमध्ये. मी ते सांगितलं नाही.

"मले सांगाचं ना मग," मी म्हणालो.

तेव्हा मेघा पहिल्यांदा बोलली. "तुम्ही म्हणले होते मामाजी, हळू खा म्हणन त्याच्या घरचं पाणी पिणार नाही. म्हणून नाही म्हणलं." एवढं बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यासमोर जर्मनची थाळी आली. ती मोडीत गेली नव्हती. पिठाच्या डब्याखाली ठेवलेली होती. तीत पाच भाकरींची थप्पी.

"घ्या," मेघा म्हणाली. "आता कोणी मोजणार नाही, कोणी पहारा देणार नाही."

दीक्षा आपलं ताट घेऊन टीव्हीच्या खोलीत गेली. मेघानंही तिकडंच ताट नेलं. मी एकटाच होतो. कुस्करलं, वळलं, ढकललं. सहाव्या मिनिटाला थाळी रिकामी झाली होती, आणि मला वाटत होतं की अजून एक चालली असती. अर्ध्या तासानं पोट असं फुगलं की मला वाकता येईना. संध्याकाळपर्यंत छातीवर मूठ दाबून पडून राहिलो. कोणी विचारलं नाही. पिशवी अजून खाटेखाली भरलेलीच होती. नानाजीचा फोन आला, "काय बे, येतो का?" मी म्हणालो, "पाहतो." वाडीला माझी खाट होती, ढाबा होता, पाच भाकरी होत्या. पण तिथं कोणी विचारणार नव्हतं ट्रकमध्ये किती पोती मावतात ते.

तिसऱ्या दिवशी जेवून झाल्यावर मी स्वतः पेन्सिल घेतली. माझं अक्षर मोठं आहे, तारखेच्या चौकटीत मावत नाही. 5 – 5 लिहिलं. खरं ते लिहिलं. पुढच्या दिवशी एक भाकर उचलून परत डब्यात ठेवली आणि घास चावायचा प्रयत्न केला. संशय असताना चावणं सोपं होतं. आता मन लागेना. 4 – 8. मेघा कॅलेंडरजवळून गेली, थांबली, पुढं गेली.

गुरुवारी मी लिहिलं, 3 – 20.

"खोटं!" आतल्या दारातून आवाज आला. "मी इथून पाहत होती. तेराच झाले."

"तुही घड्याळ चुकली असन."

"नाही चुकली. आबाजी चीटिंग करते!"

"मग इथं बाजूले बसून पाह्य ना वं."

दीक्षानं आईकडं पाहिलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर माझ्या नखाची खपली अजून होती. मेघा तव्यावरची भाकर उलटत होती. तिनं मान वर केली नाही.

"बस," ती म्हणाली.

दीक्षा येऊन बसली, पण हातभर अंतर ठेवून. मी वीस खोडून तेरा केलं. शुक्रवारी मेघानं आपणहून स्टीलचं ताट मांडलं आणि एक भाकर टाकली. गरम. मी ती उचलली आणि सवयीनं नाकाशी नेली. नेल्यावर माझ्या लक्षात आलं. तीही बघत होती.

"दोन थेंब टाकू का मामाजी?"

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती हसत होती की नाही, ते मला कळलं नाही. मी घास तोंडात घातला आणि चावू लागलो. दीक्षानं माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडं मान वर केली.